कॅम्पर बसमध्ये सहा रात्री: भाड्याच्या एका गाडीचे परीक्षण

आम्ही दोघी मैत्रिणींनी सात दिवसांसाठी जी कॅम्पर बस भाड्याने घेतली, तिच्या करारात सर्वांत जास्त मजकूर किलोमीटरबद्दल होता. दिवसाला दोनशे किलोमीटरची मुभा, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला जादा आकार आणि परत करताना इंधनाची टाकी काठोकाठ भरलेली असावी अशी अट, हे सगळे ठळक अक्षरांत दिलेले होते. सहलीनंतर वही उघडून पाहिली, तेव्हा अंतराची नोंद एका ओळीत संपलेली होती आणि बाकीची पाने पाणी, वीज, गॅस आणि झोप यांच्या हिशेबाने भरलेली होती. गाडी आम्ही दिवसाकाठी दोन-अडीच तासच चालवली. उरलेला सगळा वेळ ती कुठेतरी उभी होती आणि आम्ही तिच्यात राहत होतो. म्हणून हे परीक्षण मुख्यतः उभ्या गाडीचे आहे.

कॅम्पर बस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फोक्सवॅगनची ती दुरंगी, गोल दिव्यांची जुनी बस येते. बेन पॉन या डच व्यावसायिकाने १९४७ मध्ये तिचे पहिले रेखाटन केले, १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसवता येईल असा मुक्कामाच्या सामानाचा संच बाजारात आणला. सुरुवातीच्या त्या बसचे इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे होते, त्यामुळे तिच्या प्रवाशांना घाई करण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावरही तिचीच आकृती छापलेली होती. प्रत्यक्षात मिळाली ती मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, सहा मीटर लांब आणि पावणेतीन मीटर उंच अशी पांढरी डिझेल गाडी. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आत ताठ उभे राहून कपडे बदलता येणे हे कोणत्याही दुरंगी रूपापेक्षा मोलाचे आहे, हे पहिल्याच सकाळी पटले.

गाडी ताब्यात देण्याचा कार्यक्रम पंचवीस मिनिटांत उरकला. त्यातली पंधरा मिनिटे छताला आणि गाडीच्या खालच्या भागाला झालेले नुकसान विम्यात कसे धरले जात नाही, हे समजावण्यात गेली. गॅसचा सिलिंडर ‘भरलेला’ असल्याचे तोंडी सांगण्यात आले. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या गळ्यावर कोरलेले असते. माझ्या मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी सामान तोलायचा आपला छोटा काटा काढून सिलिंडर त्याला टांगला, तेव्हा आत जेमतेम तिसरा हिस्सा गॅस शिल्लक असल्याचे निघाले. हे काम ताबा घेतानाच करायला हवे होते.

गॅसच्या बाबतीत याहून गंभीर दोन गोष्टी आम्हाला मुक्कामाच्या तळावर पोहोचल्यानंतर दिसल्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला जाळीचे भोक ठेवलेले असते. आमच्या गाडीत त्या जाळीवर रबरी पायपुसणे अंथरलेले होते, बहुधा आधीच्या कोणीतरी धूळ येऊ नये म्हणून घातलेले. दुसरे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र भिंतीवर होते खरे, पण त्याच्या मागे छापलेली बदलण्याची तारीख उलटून गेलेली होती. हा विषारी वायू रंगाने किंवा वासाने कळत नाही, त्यामुळे बंद जागेत चूल पेटवणाऱ्या माणसाचा सगळा भरवसा त्या एका यंत्रावर असतो. आम्ही पायपुसणे काढले आणि खिडकी व छताचा झरोका उघडल्याशिवाय चूल पेटवायची नाही, असा नियम केला. कंपनीला फोन केल्यावर पुढच्या वेळी यंत्र बदलू, असे उत्तर मिळाले. पुढची वेळ अर्थातच आमची नव्हती.

चालवण्याबद्दल थोडक्यात सांगते. इंजिन दमदार आहे, आरसे मोठे आहेत आणि घाटातही गाडी धापा टाकत नाही. मात्र बाजूने वारा आला की तिची उंच भिंत शिडासारखी ढकलली जाते आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागते. गाडीची उंची कागदावर लिहून काचेखाली चिकटवली नसती, तर एका वाहनतळाच्या आडव्या कमानीखाली आम्ही नक्की अडकलो असतो. ताटल्यांच्या मध्ये पंचे घातल्यावर भांड्यांचा आवाज थांबला.

माझ्या वहीतली सर्वाधिक पाने विजेने घेतली. घरगुती वापरासाठी या गाडीत १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी आहे. शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी उरतात ५० अँपिअर-तास, आणि १२ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ६०० वॉट-तास. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४५ वॉट घेतो. दिवसभरात तो निम्मा वेळ जरी चालला, तरी ५४० वॉट-तास एकटा फ्रीजच खातो. दिवे, पाण्याचा पंप आणि दोन फोन यांच्या वाट्याला येतात फक्त ६०. छतावर १०० वॉटचे सौरपटल आहे आणि उघड्या उन्हात ते हा खड्डा बऱ्यापैकी भरून काढते, पण उघड्या उन्हात उभी केलेली गाडी दुपारी भट्टीसारखी तापते. झाडाखाली उभी करावी तर आतली माणसे सुखात राहतात आणि बॅटरी उपाशी.

आम्ही नदीकाठच्या तळावर दोन दिवस सावली निवडली. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास फ्रीजची घरघर थांबली आणि त्या शांततेनेच मला जाग आली. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी फ्रीज स्वतःहून बंद होतो, ही सोय चांगलीच आहे. पण दोन तास गाडी चालवली की बॅटरी पूर्ण भरते, हे ताबा देताना सांगितलेले वाक्य खरे नाही. शिशाची बॅटरी भरत आली की चार्जिंगचा प्रवाह हळूहळू कमी घेते आणि शेवटचा वीस टक्के भाग भरायला कित्येक तास लागतात. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढ्याच क्षमतेची बॅटरी असती, तर ऐंशी-नव्वद टक्के वीज बिनदिक्कत वापरता आली असती. तो खर्च कंपनीला परवडत नसेल, तर गाडी सावलीत आणि पटल उन्हात ठेवता येईल असे लांब वायरीचे एक सुटे सौरपटल द्यावे. विजेची किटली सोबत आणू नये, हे मात्र मी प्रत्येकाला सांगेन. १००० वॉटच्या किटलीला १२ व्होल्टवरून ऐंशीहून जास्त अँपिअर लागतात आणि इथला इन्व्हर्टर ३०० वॉटचा आहे.

मुक्कामाला पोहोचल्यावरचा अर्धा तास या गाडीत कसोटीचा असतो. आधी गाडी समतल करावी लागते, कारण डोके उताराकडे राहिले तर झोप लागत नाही आणि सिंकमधले पाणी भोकाकडे न जाता कोपऱ्यात थबकते. त्यासाठी चाकांखाली घालायच्या प्लास्टिकच्या दोन पाचरी दिलेल्या होत्या आणि त्यातली एक तडकलेली होती. मैत्रीण ओट्यावर गवंड्याची पाणसळ ठेवून बुडबुडा पाहत असे आणि मी तिच्या सांगण्यावरून वीतभर पुढे, वीतभर मागे गाडी सरकवत असे. त्यानंतर चालकाची सीट आतल्या बाजूला फिरवायची. ती फिरवायला सीटच्या कडेला असलेला हँडब्रेक पूर्ण खाली सोडावा लागतो. सीट फिरली की तो पुन्हा ओढायचा, पण मधल्या काही क्षणांत साडेतीन टनांपर्यंत वजन पेलणारी ती गाडी केवळ गिअरवर उभी असते. पहिल्या संध्याकाळी, उताराच्या जागेवर, मी सवयीने लिव्हर खाली केला आणि गाडी मुंगीच्या पावलाने हलली. बाहेरून मैत्रीण ओरडली, ‘अगं थांब, आधी दगड लावू दे!’ पुढच्या पाच संध्याकाळी दगड लावल्याचे ती बोटाने दाखवायची आणि मगच मी हात हलवायचे. ताबा देताना ही गोष्ट कोणी सांगितलेली नव्हती आणि गाडीतल्या माहितीपुस्तिकेतही तिचा उल्लेख नाही.

मागच्या बाजूला आडवा पलंग आहे. लांबी पुरेशी आहे, गादी टणक आणि चांगली आहे. आतल्या कडेला झोपणारीला रात्री उठायचे असेल, तर दुसरीला ओलांडूनच खाली उतरावे लागते. झोपेत दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून बरीच वाफ बाहेर पडते आणि ती थंड पत्र्यावर जाऊन पाणी होते. तिसऱ्या सकाळी गादी उचलून पाहिली, तर खालचे प्लायवूड ओलसर होते. फळ्यांमध्ये फटी ठेवल्या असत्या किंवा नुसती भोके पाडली असती, तरी हवा खेळली असती. त्यानंतर आम्ही छताचा पंखा मंद ठेवून समोरची खिडकी दोन बोटे उघडी ठेवू लागलो. ओल घटली, पण पहाटेच्या गारठ्याने दोघींनीही मोजे चढवले.

पाण्याची व्यवस्था मला या गाडीतली सर्वांत प्रामाणिक व्यवस्था वाटली. टाकी ६० लिटरची आहे, सांडपाण्याची ४५ लिटरची, आणि दोन्हींचे काटे बरोबर आकडा दाखवतात. भांडी एका टोपात धुऊन दुसऱ्यात खंगाळायची पद्धत ठेवली, तर दोघींना तीन दिवस पाणी पुरते. रासायनिक शौचालयाची पेटी दर दुसऱ्या दिवशी, त्यासाठी राखलेल्या जागीच रिकामी करावी लागते. हे काम आम्ही आळीपाळीने केले. कोणाची पाळी आहे यावर वाद झाला नाही, कारण मैत्रिणीने तक्ता करून कपाटाच्या आतून चिकटवला होता.

तीस वर्षांच्या मैत्रीतही दोन माणसे एकाच वेळी उभी राहू शकत नाहीत अशा जागेची सवय व्हायला वेळ लागतो. ओट्यापासून पलंगापर्यंतची वाट जेमतेम दीड हात रुंद आहे, म्हणजे एक चहा करत असेल तर दुसरीने बसून राहायचे. पहिले दोन दिवस आम्ही सारख्या एकमेकींना ‘सरक’ म्हणत होतो. तिसऱ्या दिवसापासून जी उभी आहे तीच सगळी कामे करेल आणि बसलेली हाताला लागेल ते देईल, अशी विभागणी आपोआप पडली. पावसाच्या एका संध्याकाळी, सीट फिरवून समोरासमोर बसल्यावर आणि मध्ये घडीचे टेबल उघडल्यावर, आम्ही साडेचार तास बोलत बसलो. गेल्या कित्येक वर्षांत घरी आम्हाला तसे बसता आलेले नाही. या गाडीच्या बाजूने माझे सर्वांत मोठे मत त्या टेबलाला आहे. त्याचा पाय एकच आहे, तरीही ते डुगडुगत नाही.

गाडी म्हणून मी तिला पाचपैकी चार गुण देईन आणि ती देणाऱ्या सेवेला दोन. तिघांनी ही गाडी घेऊ नये, कागदावर आसने चार असली तरीही. रोज मुक्काम बदलणाऱ्यांना बॅटरीचा त्रास फारसा जाणवणार नाही, एकाच जागी तीन दिवस थांबणाऱ्यांनी बाहेरून वीज जोडता येईल असाच तळ निवडावा. ताबा घेताना सिलिंडर तोलून पाहावा, इशाऱ्याच्या यंत्राची तारीख वाचावी आणि चालकाची सीट कंपनीच्या माणसाला तिथल्या तिथे फिरवून दाखवायला लावावी.

परत करताना कंपनीच्या माणसाने किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढला, इंधनाचा काटा पाहिला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मागचा दरवाजा त्याने उघडला नाही. ओलसर प्लायवूड, तडकलेली पाचर आणि तारीख उलटलेले यंत्र यांची मी लिहून आणलेली यादी त्याने घडी घालून खिशात ठेवली. मुभा असलेल्या १,४०० किलोमीटरपैकी आमचे ७६० झाले होते. उरलेल्यांचे काय, असे मैत्रिणीने गंभीरपणे विचारले, तर ते पुढे धरले जात नाहीत, असे त्यानेही तितक्याच गंभीरपणे सांगितले.