गावठाणाबाहेर नळ: अर्जापासून पाण्यापर्यंत सात महिने

निवृत्तीनंतर आम्ही गावाकडच्या जमिनीत घर बांधलं, गावठाणाच्या हद्दीपासून दीडशे मीटरवर. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड मुळे दोनशे मीटरच्या आतल्या जागेचं बिगरशेतीचं काम सोपं झालं, तेव्हा नळही लगेच मिळेल असं मी धरून चालले होते. पण बिगरशेती हा महसूलचा विषय आणि पाणी ग्रामपंचायतीचं.

पहिली चूक माझीच. मी तलाठ्याकडून 8-अ चा उतारा, म्हणजे जमिनीच्या खात्याची नोंद, नेला. ग्रामपंचायतीला हवा होता तिचा स्वतःचा नमुना 8, म्हणजे घराची आकारणी नोंद. ती नोंद व्हायलाच अडीच महिने गेले. नवीन घर बांधणाऱ्यांनी भिंती उभ्या राहताच नोंदीचा अर्ज द्यावा, घरपट्टीची पावती असल्याशिवाय नळाचा अर्ज पुढे सरकत नाही.

खरी अडचण त्यानंतर आली. गावाची शेवटची लाइन देवळापाशी संपते. तिथून पुढचं काम "स्वखर्चाने" करा, एवढंच ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांनी सांगितलं. किती व्यासाचा पाइप, किती खोल चर, रस्ता कोणी फोडायचा, यातलं लेखी काहीच मिळालं नाही. मधला रस्ता जिल्हा परिषदेचा, त्याच्या परवानगीसाठी पंचायत समितीत तीन हेलपाटे. दरपत्रक आणि नियम दारावर लावले असते तर निम्मा वेळ वाचला असता.

पाणी सोडणाऱ्या दादांना मात्र मी मनापासून पूर्ण गुण देते. "काकू, एवढ्या लांब अर्धा इंची टाकली तर प्रेशर मरेल. इंची आणा, दारात आल्यावर अर्धा करा," हा त्यांचाच सल्ला. चर बुजवण्याआधी त्यांनी पाणी सोडून प्रत्येक जोड तपासला.

आणखी एक सांगते. पैसे आमचे, पण लाइन कोणाची? पुढे कोणी घर बांधलं आणि याच पाइपातून जोड घेतला तर? मी हे मासिक सभेपुढे मांडलं. लाइन ग्रामपंचायतीची राहील आणि नवीन जोड घेणाऱ्याने खर्चाचा वाटा द्यावा, असा ठराव झाला. त्याची सही-शिक्क्याची नक्कल मागून घेतली. तुम्हीही घ्या.

पाणी दिवसाआड चाळीस मिनिटं येतं. पाचशे लिटरची टाकी भरते. घरात चौघं, म्हणजे माणशी रोज बासष्ट लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी 55 लिटरचं आहे, तेव्हा पाण्याबद्दल तक्रार नाही.

सांडपाण्याबद्दल मात्र आहे. नळ देताना पाणी जाणार कुठे हे कोणी विचारलं नाही. गटार देवळाच्या अलीकडेच थांबतं. आम्ही सेप्टिक टँक आणि शोषखड्डा केला, शेजारच्या विहिरीपासून वीस मीटर सोडून, कारण त्या विहिरीचं पाणी तीन घरं पितात. आता पलीकडच्या प्लॉटवर खड्डा खणायला घेतलाय तो विहिरीपासून जेमतेम सहा मीटरवर. मालकांशी बोलले. "नियम दाखवा," म्हणाले. ग्रामपंचायतीकडे दाखवायला काही नाही. नळजोडणीच्या अर्जातच शोषखड्ड्याची जागा आणि विहिरीपासूनचं अंतर लिहून घ्यावं, असा अर्ज मी येत्या ग्रामसभेसाठी दिलाय. विहिरीवरच्या तिन्ही घरांच्या त्यावर सह्या आहेत.