प्रिप्यातकाठचे तुरोव, चिपळूणच्या सभागृहात

बेलारूसमधील गोमेल येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेल्या एका चिपळूणकर डॉक्टरांनी त्या देशातील नदीकाठच्या गावांवर चित्रसफरींची मालिका सुरू केली आहे. मोठा पडदा, स्वतः काढलेली छायाचित्रे, नकाशे आणि मराठीतून निवेदन असे या कार्यक्रमाचे स्वरूप असून प्रवेशमूल्य माणशी २५० रुपये आहे. पहिली सफर तुरोवची होती. जेमतेम तीन हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या परक्या गावासाठी दोन तास कोण बसणार, अशी शंका घेऊनच मी गेलो होतो. परंतु निवेदक जेथे नदीच्या अंगाने गाव उलगडतात, तेथे हा कार्यक्रम पैशांचे चीज करतो. जेथे ते राजांच्या वंशावळीत शिरतात, तेथे मात्र श्रोते भ्रमणध्वनी चाळू लागतात.

सुरुवात थोडी ओढूनताणून केलेली वाटली. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि परतीच्या प्रवासासाठी दाभोळहून जहाजात बसला, या प्रसंगाने निवेदकांनी कोकणाशी धागा जुळवला. प्रसंग खरा असला तरी त्वेर व्होल्गाकाठचे, रशियातील. तुरोवशी त्याचा संबंध नाही. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, पण दहा मिनिटे त्यात गेली.

त्यानंतरचा भूगोलाचा भाग मात्र अप्रतिम होता. प्रिप्यात ही नीपरची उपनदी युक्रेनमध्ये उगम पावते, बेलारूसच्या दक्षिण भागातून पूर्वेकडे वाहते आणि पुन्हा युक्रेनमध्ये शिरून कीव्हच्या वरच्या अंगाला नीपरला मिळते. पोलेसिया नावाच्या ज्या सखल, दलदलीच्या प्रदेशातून ती जाते, तेथे तिचा उतार किलोमीटरमागे सरासरी आठ सेंटिमीटर इतकाच आहे. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये शंभर किलोमीटरचेही अंतर नसलेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा नुसता ऐकून कळत नाही. निवेदकांनी एकाच प्रमाणात वाशिष्ठीचा आणि प्रिप्यातचा उभा छेद पडद्यावर शेजारी शेजारी दाखवला, तेव्हा प्रिप्यातची रेघ जवळजवळ आडवीच दिसली. अशा नदीला किनारा असा ठरलेला नसतोच. वसंतात बर्फ वितळले की पाणी कुरणांवर पसरते आणि आठवडेच्या आठवडे तेथेच उभे राहते. म्हणून जरासा उंचवटाही तेथे मोलाचा ठरतो, आणि तुरोव वसले ते अशाच उंचवट्यावर.

याच ठिकाणी माझा एक आक्षेप आहे. तेथील वसंतपूर आणि चिपळूणने २२ जुलै २०२१ रोजी पाहिलेला महापूर यांना निवेदकांनी एकाच सुरात मांडले. आपल्याकडे घाटमाथ्यावरचा पाऊस काही तासांत खाली येतो, त्यात भरतीची वेळ साधली गेली तर खाडी पाणी पुढे घेत नाही आणि बाजारपेठ बुडते. प्रिप्यातचे पाणी हळूहळू चढते, लोक त्याची वाट पाहतात, कारण त्यामुळेच पुढे कुरणांत चारा माजतो. दोन्हींना पूर म्हटले तरी एकात घाला आहे आणि दुसऱ्यात ऋतू. आदल्या छेदचित्रातून हाच फरक किती सहज सांगता आला असता.

इतिहासात तुरोवचे नाव प्रथम ९८० सालच्या नोंदीत येते. कीव्हकडे जाणारा जलमार्ग हाताशी असल्याने ते एका संस्थानाची राजधानी आणि बिशपपीठ बनले. बाराव्या शतकातील बिशप सिरिल यांची प्रवचने पूर्व स्लाव जगात नावाजली गेली. तुरोवमध्ये १८६५ साली अकराव्या शतकातील शुभवर्तमानाची, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या ग्रंथाची, दहा पाने सापडली. ती आज लिथुआनियातील विल्नियस येथे जतन केलेली आहेत. बाराव्या शतकातील विटांच्या चर्चचा पाया उत्खननात मिळाला असून त्यावर आता छत घातले आहे. १२३० च्या भूकंपात ते कोसळले असे पुराविद मानतात. हे सारे निवेदकांनी नेमके सांगितले. पुढे लिथुआनियाची सत्ता, ओस्त्रोझ्स्की सरदार, १७९३ ची पोलंडची दुसरी फाळणी हा पल्ला मात्र सनावळीच्या तक्त्याने उरकला. त्याहून खटकले ते १९४१. गावातील मोठ्या यहुदी वस्तीचा नाझींनी त्या वर्षी संहार केला, आणि त्याला मिळाले एकच चित्र व दोन वाक्ये. राजांच्या नावांतील निम्मी गाळून ही जागा भरली पाहिजे.

गाव मागे का पडले, याचे विवेचन मला सर्वांत आवडले. कीव्हचे वैभव ओसरले, संस्थानाचे तुकडे पडले आणि महत्त्व पश्चिमेकडील पिन्स्क शहराकडे सरकले. पुढे १८८६ मध्ये लुनिनेत्स ते गोमेल हा लोहमार्ग झाला, तो नदीच्या उत्तरेकडून झितकाविचीमार्गे गेला आणि तुरोव स्थानकापासून सुमारे तीस किलोमीटर दूर राहिले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा स्थानके खेड आणि चिपळूणला मिळाली व दाभोळ बाजूलाच राहिले. दाभोळची पेठ त्याआधीच कितीतरी वर्षे मोडली होती हे खरे. परंतु पाण्याचा रस्ता गेल्यावर लोखंडाचाही न मिळणे म्हणजे काय, हे खाडीकाठच्या श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

पक्ष्यांचा भाग छोटा, पण लक्षात राहणारा आहे. तुरोवच्या कुरणांत टेरेक सँडपायपर हा वर वळलेल्या चोचीचा, पिवळसर पायांचा छोटा पक्षी वीण करतो आणि गावाने त्याचा पुतळाही उभारला आहे. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या खाड्यांच्या चिखलावर दिसतात. तुरोवचेच पक्षी येथे येतात, असा दावा निवेदकांनी केला नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. सोव्हिएत काळात पोलेसियाच्या दलदलीचा मोठा भाग निचरा करून शेतीखाली आणला गेला, म्हणून उरलेल्या पूरकुरणांचे मोल वाढले, हा दुवाही त्यांनी नीट जोडला.

दगडी क्रूस कीव्हहून प्रवाहाविरुद्ध तरंगत तुरोवला आले, ही तेथील आख्यायिका त्यांनी आख्यायिका म्हणूनच सांगितली. समुद्रातून वाहत आलेल्या देवांच्या कथा ऐकून वाढलेल्या सभागृहात ती कोणालाच परकी वाटली नाही.

मध्यंतरात बटाट्याची द्रानिकी दिली जातात. आंबट सायीऐवजी घट्ट दही असते आणि ते चालून जाते; धिरडी गरम मात्र हवीत. नकाशांवरील नावे रशियन लिपीत असल्यामुळे मागच्या रांगांना काहीच उमगत नाही, तेव्हा ती मराठीत लिहून घ्यावीत आणि तोवर प्रेक्षकांनी पुढची जागा धरावी. शाळांनी नववी-दहावीची मुले न्यायला हरकत नाही, फक्त निवेदकांना आधी सांगून वंशावळीचा भाग कमी करून घ्यावा. पुढची सफर पिन्स्कची असून तिचे तिकीट मी काढले आहे.