सोन्याच्या नावाखाली पितळी वर्ख

कोकणातील आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाच्या प्रवेशद्वारावर जी सागवानी कोरीव पाटी आहे, तिच्या अक्षरांवर २३ कॅरेट सोन्याचा वर्ख चढवून देतो असे सांगून एका कंत्राटदाराने देवस्थानाकडून सोन्याच्या वर्खाचेच पैसे घेतले. पहिला पावसाळा सरतो न सरतो तोच अक्षरांच्या खाचांत हिरवट डाग फुटले आणि कडा काळ्या पडल्या. खारी हवा आणि लाकडातील ओल यांमुळे असे होते, असे त्याने विश्वस्तांना ठामपणे सांगितले, आणि हे कारण सहज पटण्याजोगे असल्यामुळेच मी हा अनुभव लिहीत आहे.

खाऱ्या हवेने सोने हिरवे पडत नाही. लाकडात ओल राहिली, खालचा रंग पुरता वाळला नाही किंवा वर्ख चिकटवण्यासाठी दिलेला तेलाचा थर योग्य वेळी साधला गेला नाही, तर अस्सल वर्खही सुटतो. मात्र सुटलेला पापुद्रा पिवळाच राहतो. हिरवा रंग तांब्याचा, आणि स्वस्त नकली वर्ख तांबे व जस्त यांचा, म्हणजे पितळेचाच असतो. गावातील सराफांनी खरवडलेल्या कपचीवरील व्हार्निश थिनरने पुसून तिच्यावर तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा, थेंब सोडला, तेव्हा सारी चकाकी पाहता पाहता विरघळली. २३ कॅरेट सोने तेजाबात असे विरघळत नाही. खरे तर ते व्हार्निशच संशयास्पद होते, कारण उघड्यावरील अस्सल वर्खाला अशा लेपाची गरज नसते, पितळी वर्ख मात्र त्यावाचून लवकर काळवंडतो.

आता तो थर खालच्या रंगासकट खरवडावा लागेल आणि त्यात कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतील, याचे दुःख पैशाहून मोठे आहे.

ज्यांना असे काम द्यायचे आहे, त्यांनी वर्खाची वही आपल्या समोर उघडून घ्यावी. अस्सल वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, उजेडासमोर धरल्यास त्यातून हिरवट प्रकाश दिसतो आणि बोट लागताच तो फाटतो. त्याची पाने साधारण ८ सेंटिमीटरची असतात. पितळी पाने बहुधा १४ सेंटिमीटरची असून हाताने उचलता येतात. एक पान स्वतःजवळ ठेवावे आणि बिलावर कॅरेट व उत्पादकाचे नाव लिहून घ्यावे. आमच्या बिलावर कॅरेटचा उल्लेखच नाही, आणि त्याच आधारावर कंत्राटदार पैसे परत करण्यास नकार देत आहे.