कित्तूरचं म्युझियम इतिहासाच्या तासाला: शालेय वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

दहावीच्या पुस्तकात कर्नाटकातल्या इंग्रजविरोधी उठावांचं प्रकरण आलं की बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांना कित्तूर आठवतं. बेळगावहून हायवेने साधारण ५० किलोमीटर, म्युझियम किल्ल्यातच. आठवी ते दहावीला वर्षभर वापरून झालेलं मत असं: जागा उत्तम, पण ज्या धड्यासाठी सगळे जातात त्याला दालनाचा उपयोग कमीच.

धडा १८२४ चा. कित्तूर संस्थानाचं दत्तक इंग्रजांनी नामंजूर केलं, २३ ऑक्टोबरला धारवाडचा कलेक्टर थॅकरे ठार झाला, डिसेंबरात किल्ला पडला, १८२९ मध्ये राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. दालनात तलवारी, कोरीव दारं-खिडक्या आहेत, पण आसपासच्या गावांतून आणलेल्या मूर्ती, शिलालेख आणि वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारक-दगड) कित्येक शतकं आधीचे. राणीची तलवार कुठली, एवढंच विचारत पोरं दगडांसमोरून झपाझप निघून जातात. म्हणून १८२४ चा धडा बाहेर, किल्ल्यातल्या पडक्या वाड्यात उभं राहून घ्यावा. दालन कदंब-चालुक्यांच्या धड्यांसाठी राखून ठेवावं.

शिकवायला सगळ्यात भारी वस्तू म्हणजे वीरगळ. तो खालून वर वाचायचा. तळाच्या पट्टीत झुंज. तिथे गुरं कोरलेली असली तर लढाई गोधनासाठीची. मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेतात. वरच्या पट्टीत तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती टिको. आधी सांगितलं नाही तर मुलं पुस्तकासारखं वरून खाली वाचतात आणि गोष्ट उलटी होते: माणूस पूजा करतो, स्वर्गात जातो आणि मग लढायला उतरतो! झिजलेलं कोरीवकाम समोरून प्रकाश टाकला की सपाट दिसतं. मोबाईलचा टॉर्च दगडाच्या कडेला, जवळजवळ समांतर धरा. सावल्या पडतात आणि ढाल, घोड्याचा पाय, केसांचा अंबाडा उठून येतो. दगडाला हात लावायचा नाही, अक्षरांत खडू तर अजिबात भरायचा नाही.

कार्यपत्रक एका पानाचं, वस्तू तीनच. 'कोणत्या शतकातील?' असा प्रश्न घातला की मुलं फलक उतरवून मोकळी होतात, दगडाकडे बघतही नाहीत. त्याऐवजी 'तळाच्या पट्टीत माणसं किती, कुणाच्या हातात काय?' असं विचारा आणि रेखाटनाला निम्मं पान सोडा. शाईपेन नको, पेन्सिल आणि पॅड. वीस-वीसच्या तुकड्या करा. एक आत, दुसरी वाड्यात, पाऊण तासाने अदलाबदल. याहून मोठा घोळका दालनात नेला की मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात.

फलक कन्नड आणि इंग्रजीत. आपली मुलं कन्नड शिकतात खरी, पण मूर्तिशास्त्राचे शब्द त्यांना येत नाहीत. दहा-बारा शब्दांची चिठ्ठी आदल्या दिवशी वर्गात वाटा. कन्नडचे शिक्षक सोबत हवेतच. हळेगन्नड म्हणजे जुन्या कन्नडमधल्या शिलालेखातलं एखादं ओळखीचं अक्षर सापडलं की वर्ग जागा होतो. हा तास इतिहासवाल्यांनी एकट्याने ओढू नये.

वाड्यात ध्रुवतारा बघण्याची म्हणून एक नळी दाखवतात. कोनमापकाला दोरा-ओळंबा बांधून न्या. कित्तूर साडेपंधरा अंशांच्या जरा वर, उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. नळीला न टेकता, शेजारी धरून कोन मोजायला लावा. उत्तर जुळो न जुळो, भूगोलाचा तास फुकटात होतो.

परतल्यावर दोन दिवसांत वर्गात चर्चा घ्या, पुढे ढकलली की पोरांना फक्त वडापाव आठवतो. पुढचं काम गावातलं: मारुतीच्या देवळाशेजारी, पारावर, शेताच्या बांधावर वीरगळ सापडतात. ३० सेंटीमीटरची मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो, दगडावर कोरीव पट्ट्या किती आणि गावकरी त्याला काय म्हणतात ही नोंद. शेंदूर लावलेला दगड घासून साफ करायची हौस मुलांना फार. सक्त मनाई करा, तो गावाचा देव आहे.

वेळ उरला तर जवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर बघा. बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांचं. दालनातल्या सुट्या दगडांना मूळ जागा कशी असते ते तिथे कळतं. दालनाच्या सुट्टीचा वार आधी विचारा, मुख्याध्यापकांच्या शिक्क्याचं पत्र सोबत ठेवा आणि २३ ऑक्टोबरच्या आसपास, कित्तूर उत्सवाच्या गर्दीत, वर्ग घेऊन जाऊ नका.