पहिल्या ट्रायथलॉनसाठी घेतलेला ट्रायसूट : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

वयाच्या ४४ व्या वर्षी मी पहिली ट्रायथलॉन पूर्ण केली. तेव्हापासून ओळखीच्या बायका मला सायकल कोणती घेतली किंवा पोहायला कुठे शिकलीस, हे फारसे विचारत नाहीत. जवळ येऊन, आवाज थोडा खाली आणून त्या विचारतात, "पण अंगात काय घातलं होतंस?" मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो, कारण स्पर्धेत नाव नोंदवण्याआधी मी स्वतः दोन महिने याच प्रश्नापाशी अडले होते. त्या वेळी मराठीत कोणी सविस्तर लिहिलेले वाचायला मिळाले असते, तर माझे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते, म्हणून मी वापरलेल्या ट्रायसूटविषयी हे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, ट्रायथलॉनमध्ये पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकामागोमाग एक, घड्याळ न थांबवता करायचे असतात. ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. माझी पहिली स्पर्धा याच अंतराची होती. स्प्रिंट प्रकारात ही अंतरे बरोबर निम्मी होतात. पाण्यातून बाहेर आल्यावर आणि सायकल ठेवल्यावर जिथे तयारी बदलायची असते, त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. ही जागा उघडी असते, तिथे सगळ्यांच्या सायकली ओळीने टांगलेल्या असतात आणि उघड्यावर कपडे उतरवायला नियमाने मनाई असते. लांब पल्ल्याच्या मोठ्या स्पर्धांत कपडे बदलायला तंबू असतो. छोट्या स्पर्धांत बहुधा तो नसतो. म्हणजे ज्या कपड्यात पाण्यात उतरायचे, त्याच कपड्यात सायकल चालवायची आणि त्याच कपड्यात शेवटची रेषा ओलांडायची. ट्रायसूट हा नेमका यासाठी शिवलेला, गळ्यापासून मांडीपर्यंतचा एकसंध कपडा आहे.

२००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा महिलांच्या शर्यतीत स्वित्झर्लंडची ब्रिजिट मॅकमहॉन अवघ्या २ सेकंदांनी जिंकली. अशा खेळाडूंसाठी हा सूट म्हणजे वाचलेला वेळ. मला त्याचे मोल वेगळ्या कारणाने वाटले. आपल्याकडे चाळिशीच्या पुढच्या बाईने पोहण्याच्या पोशाखात, शेकडो माणसांच्या देखत पाण्यातून निघून सायकलपर्यंत पळत जाणे ही साधी गोष्ट नाही. अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्याच्या वर चार बोटे येणारा हा सूट घातल्यावर तो संकोच माझ्या मनातून जवळजवळ पूर्ण गेला, आणि मला वाटते की आपल्या भागातल्या बायकांसाठी या कपड्याचा हाच सर्वांत मोठा गुण आहे.

मी घेतलेला सूट तिरुपूरमध्ये शिवलेला आहे आणि मला तो ३,४०० रुपयांना पडला. परदेशी कंपन्यांचे सूट याच्या तिप्पट-चौपट किमतीला मिळतात. कापड पॉलिएस्टर आणि इलास्टेन या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचे, रंग गडद निळा, चेन पुढून बेंबीपर्यंत, पाठीवर कमरेशी दोन खिसे, मांडीच्या काठाला आतून सिलिकॉनची पट्टी आणि बसायच्या जागी पातळ गादी. गडद रंग मी मुद्दाम निवडला होता. फिका रंग ओला झाल्यावर पारदर्शक होतो आणि सायकलच्या सीटवर घासून वर्षभरात विरतो. हे मी एका मैत्रिणीच्या पांढऱ्या सूटवर पाहिले होते.

मापाच्या बाबतीत मात्र मी चुकले आणि त्यात विक्रेत्याचाही दोष होता. त्यांच्या तक्त्यात फक्त छाती आणि कंबर ही दोन मापे होती. माझी उंची ५ फूट ७ इंच आहे, पण अंग बारीक असल्याने तक्त्याप्रमाणे मला मध्यम माप बसायला हवे होते. आलेला सूट छातीला आणि कमरेला चपखल बसला, पण उभे राहिले की दोन्ही खांदे खाली ओढले जात आणि मांड्यांच्या मधोमध कापड रुतत असे. ट्रायसूट उभ्याने थोडा आखूड आणि घट्ट वाटतोच, कारण तो सायकलवर वाकलेल्या अंगासाठी बेतलेला असतो, हे मी वाचले होते. म्हणून आठवडाभर मी स्वतःची समजूत घालत राहिले. शेवटी सायकलवर बसूनही खांदे मोकळे होईनात, तेव्हा बदलून मागितला. त्यासाठी चार वेळा फोन करावा लागला आणि परत पाठवण्याचा खर्च मलाच सोसावा लागला. आमच्या नेहमीच्या शिंपीदादांकडे तोवर तो सूट नेऊन पाहिला होता, पण शिवण उलगडून दाखवत ते म्हणाले, "ताई, ही चपटी शिवण आहे, माझ्या मशिनवर पुन्हा अशी बसायची नाही. टोचत राहील." त्यांचे म्हणणे खरे होते. या सूटची प्रत्येक शिवण कापडाच्या कडा एकमेकींवर न चढवता घातलेली असते, त्यामुळे आत उंचवटा राहत नाही आणि कातडी सोलली जात नाही. साध्या मशिनवर दुरुस्ती केली की तो गुणच निघून जातो.

म्हणून घेण्याआधी एक माप अवश्य घ्या. घरातल्या कोणाला तरी टेप धरायला सांगा आणि गळ्याच्या खळगीपासून पायांच्या मधून फिरवून मागे मानेच्या हाडापर्यंतची लांबी मोजा. विक्रेत्याला हा आकडा सांगून सूटची तीच लांबी विचारा. उंच बाईने छातीच्या मापावर सूट मागवला की तो हमखास आखूड येतो.

आता पाण्याबद्दल. मी सांगलीची. कृष्णा दारात आहे, पण सांगलीच्या पात्रात मगरी आहेत, त्यामुळे सराव सगळा तरणतलावात आणि मोकळ्या पाण्याचा अनुभव कोल्हापूरच्या राजाराम तलावात, जाणकार सोबत्यांबरोबर घेतला. थंड देशांत ट्रायसूटवर रबरी वेटसूट चढवतात. आपल्याकडचे पाणी कोमट असल्याने तो लागत नाही आणि सूटचे कापड थेट पाण्याला लागते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा : ट्रायसूट तुम्हाला तरंगवत नाही. वेटसूटने मिळणारा उठाव यात अजिबात नाही. फायदा एवढाच की, अंगाला चिकटून राहिल्यामुळे त्यात पाणी भरत नाही. दोन तुकड्यांचा पोशाख मी एकदा घालून पाहिला होता, तेव्हा वरचा भाग पोहताना बगलेपर्यंत सरकत होता आणि नंतर सायकलवर कमरेच्या उघड्या पट्ट्यावर ऊन लागून कातडी भाजली होती. एकसंध सूटमध्ये हे दोन्ही त्रास झाले नाहीत.

पाण्यात जाणवलेला मोठा दोष गळपट्टीचा आहे. मी श्वास घेण्यासाठी डावीकडे मान वळवते. १.५ किलोमीटरमध्ये ती कितीदा वळते याचा हिशेब करा, म्हणजे मानेच्या डाव्या बाजूला कापडाची कड किती घासत असेल ते लक्षात येईल. तलावातल्या पहिल्याच सरावानंतर तिथे बोटभर लांबीचा लाल चट्टा उठला आणि घामाचे मीठ त्यात गेल्यावर दोन दिवस ओढणीही सहन होईना. पुढच्या वेळेपासून गळ्याला, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीनचा जाड थर लावू लागले. खोबरेल तेल पाण्यात टिकत नाही. व्हॅसलीनने निभावते, पण गळपट्टी दोन सुतांनी खाली आणि मऊ कापडाची केली असती तर याची गरजच पडली नसती, असे मला वाटते.

चेनबाबतही असेच. चेन ओढायची कडी इतकी बारीक आहे की पाण्यातून निघालेल्या ओल्या बोटांच्या चिमटीत ती येत नाही. माझ्या सासूबाई गोधड्या शिवतात. त्यांनी गोधडीचा जाड दोरा तिपेडी वळून दोन इंचांचा गोफ त्या कडीत ओवून दिला. स्पर्धेच्या दिवशी सायकलवर उकडू लागल्यावर चालत्या सायकलवरच एका हाताने चेन थोडी खाली घेता आली, ती त्या गोफामुळे. ऑलिंपिक खेळाडूंच्या सूटला चेन पाठीमागे असते. पहिल्यांदा उतरणाऱ्या बाईने पाठीच्या चेनचा विचारही करू नये, कारण स्वच्छतागृहात मदतीला कोणी नसते. पुढच्या चेनचा सूटही तिथे खांद्यापासून उतरवावा लागतो आणि ओल्या अंगावर पुन्हा चढवायला वेळ लागतो. स्पर्धेच्या पहाटे पाणी पिण्याचे प्रमाण मी त्या अंदाजानेच ठरवले होते. मासिक पाळीच्या दिवसांत साधे पॅड या सूटमध्ये उपयोगाचे नाही, ते पाण्यात फुगते. शरीराच्या आत बसवायचा पाळीचा कप (मेन्स्ट्रुअल कप) वापरायची सवय निदान दोन महिने आधी करून घ्यावी. हे उघडपणे कोणी सांगत नाही, म्हणून मी लिहीत आहे.

सूटची खरी परीक्षा सायकलवर झाली. सायकलच्या नेहमीच्या चड्डीची गादी जाड फोमची असते. ती घालून पाण्यात उतरले तर फोम पाणी पितो आणि नंतर ४० किलोमीटर ओल्या उशीवर बसल्यासारखे होते. ट्रायसूटची गादी मुद्दाम पातळ ठेवलेली असते. सरावात मिरजेहून पंढरपूर रस्त्याला तासाभरापुढे गेले की बसायची हाडे दुखू लागत, तेव्हा ही गादी अपुरी आहे असे माझे मत झाले होते. स्पर्धेत ते बदलले. तलावातून बाहेर आले तेव्हा सूटमधून पाणी निथळत होते. हेल्मेटचा पट्टा लावला, कारण तो लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नसतो, आणि कागलच्या दिशेने महामार्गाला लागले. साधारण पंधरा मिनिटांत वाऱ्याने सूट वाळला. हिवाळ्यातली ती सकाळ होती, तरी ओलसरपणाने अंगात थंडी भरली नाही, आणि गादीचे ओझे कुठेच जाणवले नाही. दुखायला लागले ते शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये, आणि ते सोसण्यासारखे होते.

खिशांबद्दल मी समाधानी आहे. एका खिशात तासगावच्या बेदाण्यांची प्लॅस्टिकची पुडी आणि दुसऱ्यात मीठ-साखरेची पुडी ठेवून मी धावले. पोहताना मात्र खिसे रिकामे ठेवले होते, त्यात काही असले की पाणी अडते; पुड्या सायकलजवळच्या टॉवेलवर मांडून ठेवल्या होत्या. धावताना हात मागे नेला की पुडी लगेच सापडते आणि हेलकावेही खात नाही. १० किलोमीटरच्या धावण्यात पातळ गादी मांड्यांच्या मध्ये आली नाही, हे तिचे खरे कौशल्य. जाड गादीत धावणाऱ्या एका सहकाऱ्याची मांडी त्याच दिवशी सोलवटून निघाली होती. छातीच्या आधाराची आतली पट्टी मात्र नावापुरती आहे. आत वेगळी, घट्ट, लवकर वाळणारी स्पोर्ट्स ब्रा घालावीच लागते.

साडेनऊच्या पुढे ऊन चढले, तेव्हा गडद निळा रंग तापत होता, हे कबूल केले पाहिजे. पाणी देणाऱ्या प्रत्येक टेबलाशी मी अर्धा पेला प्यायले आणि उरलेला खांद्यांवर ओतून घेतला. कापड पाणी धरून न ठेवता पसरवते आणि वाऱ्याने गारवा लागतो, तो पुढच्या टेबलापर्यंत पुरला. मला एकूण ४ तास ८ मिनिटे लागली. शेवटची रेषा ओलांडल्यावर माझ्या मुलीने काढलेल्या छायाचित्रात सूटवर मिठाच्या पांढऱ्या रेघा पोटापासून मांडीपर्यंत स्पष्ट दिसतात, आणि त्यात मी ताठ उभी आहे. ते छायाचित्र आता आमच्या बैठकीच्या खोलीत लावले आहे.

गेल्या चौदा महिन्यांत हा सूट मी तीन स्पर्धांत आणि वीसेक सरावांत वापरला. तरणतलावातल्या रोजच्या पोहण्याला तो वापरत नाही, कारण क्लोरीनमुळे इलास्टेन सैल पडते. घरी आल्याबरोबर गार पाण्यात खळबळून, न पिळता सावलीत वाळत घालते. कापडाचा ताण अजून पहिल्यासारखा आहे, शिवण कुठेही उसवलेली नाही. डाव्या मांडीची सिलिकॉनची पट्टी मात्र दोन इंच सुटली आहे आणि धावताना ती बाजू वर सरकते. विक्रेत्याला छायाचित्र पाठवले होते. मुदत सहा महिन्यांचीच होती, असे उत्तर आले.

या किमतीत पहिल्या स्पर्धेसाठी हा कपडा मी निःसंकोच घ्यायला सांगेन, फक्त स्पर्धेआधी निदान दोनदा तिन्ही प्रकार एकाच दिवशी त्यात करून बघा, म्हणजे कुठे घासते ते आपल्या अंगावरच कळते. माझ्या धाकट्या जावेने पुढच्या हिवाळ्यातल्या स्प्रिंट स्पर्धेसाठी नाव दिले आहे. तिची उंची ५ फूट १ इंच. गळ्यापासून मानेपर्यंतचे तिचे माप आम्ही काल रात्री घेतले आणि तिच्यासाठी मध्यम मापाऐवजी छोटे माप मागवले आहे.