कळल्यानंतरचे चौदा तास

गेल्या उन्हाळ्यात तासगावच्या सौद्यात आमचा बेदाणा विकला गेला आणि अडत्याने पट्टीची रक्कम माझ्या बँक खात्यात जमा केली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गावातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘पीएम किसान ई-केवायसी’ या नावाची फाईल आली. वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत देणारी ही योजना घरोघरी माहीत आहे, शिवाय ज्या क्रमांकावरून फाईल आली तो आमच्या भावकीतल्याच एका गृहस्थांचा होता, त्यामुळे मला संशय आला नाही. त्यांचा फोन आदल्याच दिवशी याच फाईलने ताब्यात घेतला होता, हे नंतर समजले.

ती फाईल एपीके होती, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून फोनमध्ये थेट बसणारे ॲप. फोनने धोक्याची सूचना दिली होती. ती बाजूला सारून मी पुढे गेलो, ॲपला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली आणि समोर आलेल्या पानावर आधार क्रमांक व डेबिट कार्डाचा तपशील भरला. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे मला पक्के ठाऊक होते आणि मी तो कोणाला सांगितलाही नाही. परंतु एसएमएस वाचणारे ॲप एकदा फोनमध्ये बसले की ओटीपी विचारण्याची गरजच चोराला उरत नाही, हे मला माहीत नव्हते.

पावणेआठ वाजता 48,000 रुपये गेल्याचे दिसले. यानंतर मी जे केले, त्यासाठीच हे लिहीत आहे. तीस वर्षे शाळेत शिकवल्यावर मुलासमोर आणि सुनेसमोर हे कोणत्या तोंडाने सांगायचे, या विचाराने मी गप्प राहिलो आणि सकाळी शाखा उघडल्यावर पाहू, असे ठरवून पडून राहिलो. फोन चालूच होता. मध्यरात्रीनंतर दोन वेळा मिळून आणखी 1,36,000 रुपये गेले.

सकाळी पावणेदहाला पुतण्याने माझ्या फोनचे इंटरनेट बंद केले, सिमकार्ड काढले आणि स्वतःच्या फोनवरून आधी बँकेला व लगेच 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर कळवले. तेथे व्यवहाराचा तपशील नोंदवला की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तोवर काढली न गेलेली रक्कम रोखली जाते. माझे 22,000 रुपये रोखले गेले. उरलेले रात्रीतूनच खात्यामागून खाती बदलत बाहेर पडले होते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेला तोटा बँकेला कळवेपर्यंतच ग्राहकाचा असतो, त्यानंतरचा बँकेचा. म्हणजे पावणेआठलाच फोन केला असता, तर मध्यरात्रीनंतरच्या रकमेचा भार माझ्यावर आला नसता.

सायबर पोलीस ठाण्यात समजले की पैसे प्रथम ज्या खात्यात गेले, ते एका महाविद्यालयीन मुलाचे होते आणि त्याने काही हजारांच्या मोबदल्यात पासबुक, एटीएम कार्ड व सिम दुसऱ्याच्या हवाली केले होते. ही भाड्याची खाती नसतील तर चोराला पैसे ठेवायलाच जागा उरणार नाही, म्हणून गुन्हा रोखायचा तर सर्वांत आधी इथेच आवर घालायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. खाते भाड्याने देणारा मुलगाही तपासात अडकतो आणि त्याचे खाते गोठते. आपल्या महाविद्यालयांत हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले जावे.

रोखलेले 22,000 रुपये मिळावेत, यासाठीचा माझा अर्ज न्यायालयात आहे. आमच्या गटातल्या आणखी तिघांनी ती फाईल उघडली होती आणि एकानेही तक्रार दिली नव्हती. मी तिघांच्याही घरी जाऊन आलो. दोघे पुतण्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले, तिसऱ्यांकडे उद्या पुन्हा जाणार आहे.