बोटीच्या इंजिनाची थंडीची तयारी: बादलीवाला किट, सात महिन्यांनंतर

आमच्या कोकणात होड्या पावसाआधी वर ओढून शाकारतात. इथे मिनेसोटात तेच काम ऑक्टोबरात, फक्त झापांच्या जागी अँटीफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारं द्रव. माझी बोट २००४ची. ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन बोटीच्या पोटात, आणि थंड होतं तळ्याच्याच पाण्यावर. म्हणजे बोट ट्रेलरवर चढली तरी थोडं तळं ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, उरतंच. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बिडाचा ब्लॉक तडकायला तेवढं पुष्कळ. आजवर हे काम पैसे मोजून करून घ्यायचो. गेल्या वर्षी म्हटलं, आपणच करू.

किट म्हणजे पाच गॅलनची बादली, तळाशी तोटी आणि जाड नळी. बादलीत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं, इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपला नळी जोडायची, इंजिन चालू करायचं, एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी आलं की बंद. वीस मिनिटांत आटोपलं. मी खूश. शेजारच्या म्हाताऱ्याने नुसतं विचारलं, ‘ब्लॉकचा प्लग, पाणी सोडायचं बूच, उघडून पाहिलास का?’

उघडला, तर आतून तळ्याचं पाणी!

गोम थर्मोस्टॅटची, म्हणजे उष्णतेने उघडणाऱ्या झडपेची. इंजिन नीट तापलं नसेल तर तो बंद राहतो, आणि वरून आलेलं अँटीफ्रीझ ब्लॉकला वळसा घालून मॅनिफोल्डमधून (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यातून) थेट बाहेर पडतं. गुलाबी दिसतं ते एवढंच. तापलेल्या इंजिनातही गार अँटीफ्रीझ पोचलं की थर्मोस्टॅट पुन्हा मिटू शकतो. खात्रीसाठी दोन कप घरच्या फ्रीझरमध्ये ठेवले, एक डब्यातलं कोरं, एक ब्लॉकमधून निघालेलं. सकाळी पहिल्याचा बर्फगोळ्यासारखा भुगा, दुसऱ्याचा दगड. डब्यावरचं ‘उणे ५०’ (फॅरनहाइट) म्हणजे तोवर पातळ राहतं असं नव्हे, तोवर फोडत नाही एवढंच. तेही पाणी मिसळलं नसेल तर.

मग सगळं पहिल्यापासून. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे प्लग, दोन्ही मॅनिफोल्डचे प्लग आणि पंपाची नळी काढली. एका भोकातून थेंबही येईना. तार घातल्यावर गंज आणि वाळू निघाली, मागोमाग धार. हे तार घालणं किटच्या कागदावर कुठेच नाही, आणि माझी खरी तक्रार तीच. सगळं रिकामं झाल्यावर प्लग लावून वरच्या नळीतून फनेलने कोरं अँटीफ्रीझ ओतलं. प्रॉपिलीन ग्लायकोलचंच घ्या. गाडीतलं एथिलीनवालं गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

ऑइल बदलणं, पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर, गंज धरू नये म्हणून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल, बॅटरी पूर्ण चार्ज करून घरात, ही कामं नेहमीसारखीच. इम्पेलर (पंपातलं रबरी चाक) काढून ठेवला, पाती वाकडी राहत नाहीत.

जानेवारीत पारा उणे २०च्या खाली गेला. मे महिन्यात ड्राइव्हवेवर नळाचं पाणी लावून इंजिन चालू केलं: दोन मिनिटं फॉगिंग ऑइलचा निळा धूर, मग गुरगुर एकसारखी. ब्लॉक शाबूत. पण डाव्या मॅनिफोल्डखालून पिचकारी! तो प्लग सात महिने माझ्या जॅकेटच्या खिशात होता, म्हणजे त्या बाजूचं अँटीफ्रीझ ऑक्टोबरातच गळून गेलेलं. रिकामं होतं म्हणून वाचलं.

किटला पाचपैकी तीन. बादली चांगली, तोटी गळत नाही, पण प्लग उघडायचे ते उघडायचेच. यंदा काढलेले प्लग थेट स्टिअरिंगला बांधलेल्या पिशवीत जातील.